पेशीचे चालणे आणि गिळणे: अ‍ॅक्टिनचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

पेशी सरकते कशी आणि बाहेरचा कण किंवा द्रव आत घेते कशी, हे दोन प्रश्न पाठ्यपुस्तकांत सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. त्यामुळे प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यालाही ते दोन स्वतंत्र विषय वाटतात, आणि एका प्रश्नासाठी शिकलेली युक्ती दुसऱ्याला लावून पाहावी हे सुचतच नाही. वास्तविक दोन्ही वेळी पेशी एकच काम करत असते: पटलाच्या आतल्या बाजूला अ‍ॅक्टिनचे तंतू वाढवते आणि त्यांच्या जोरावर पटल बाहेर ढकलते. ढकललेले पटल काचेवर पुढे पसरून चिकटले, तर पेशी सरकते. तेच पटल एखाद्या जिवाणूभोवती वाटीसारखे उभे राहून वर मिटले, तर जिवाणू आत जातो. पुढच्या पायऱ्या या समजुतीवर रचल्या आहेत. जीवशास्त्राची पदवीपातळीची ओळख, पेशी वाढवण्याचा थोडा सराव आणि फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक एवढे हाताशी असले, तर हा क्रम पहिल्या काही महिन्यांत पार करता येतो.

पहिली पायरी: सूक्ष्मदर्शकापाशी जाण्याआधी तंतू समजून घ्यावा

अ‍ॅक्टिन हे ३७५ अमिनो आम्लांचे, सुमारे ४२ किलोडाल्टन वजनाचे प्रथिन आहे. १९४२ मध्ये हंगेरीतील सेगेड येथे ब्रूनो श्ट्राउब यांनी ते स्नायूंतून प्रथम वेगळे केले, आणि त्यामुळे बराच काळ ते स्नायूंचेच प्रथिन मानले गेले. आज आपल्याला माहीत आहे की केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ते असते. सुट्या रेणूला जी-अ‍ॅक्टिन म्हणतात. असे रेणू एकमेकांना जोडून सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचा जो पीळदार तंतू तयार होतो, त्याला एफ-अ‍ॅक्टिन म्हणतात. एक मायक्रोमीटर लांबीच्या तंतूत साधारण ३७० रेणू मावतात.

तंतूची दोन टोके सारखी नसतात, ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, कारण पुढचे जवळजवळ सगळे तिच्यावर उभे आहे. तंतूवर मायोसिनचे, म्हणजे अ‍ॅक्टिनला ओढणाऱ्या प्रथिनाचे, तुकडे चिकटवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता बाणांच्या फाळांची रांग दिसते, आणि त्यावरूनच एका टोकाला बार्ब्ड व दुसऱ्याला पॉइंटेड अशी नावे पडली. बार्ब्ड टोकाला रेणू झपाट्याने जोडले जातात आणि सुट्या अ‍ॅक्टिनचे प्रमाण ०.१ मायक्रोमोलरच्या वर असले की ते टोक वाढू लागते; पॉइंटेड टोकाला त्यासाठी सुमारे ०.६ मायक्रोमोलर लागते. जोडल्या जाणाऱ्या रेणूजवळ एटीपी असतो, तंतूत बसल्यावर त्याचे विघटन होते, आणि जुना झालेला भाग सैल पडून पॉइंटेड टोकाकडून सुटू लागतो. पुढून भर आणि मागून घट, या प्रवाहाला ट्रेडमिलिंग म्हणतात.

येथे विद्यार्थ्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा. स्नायूंखेरीज इतर पेशींतही बहुधा ५० ते २०० मायक्रोमोलर अ‍ॅक्टिन असते आणि त्यातले निम्म्याच्या आसपास सुटे असते. तंतू वाढायला ०.१ मायक्रोमोलर पुरत असेल, तर हा एवढा साठा एका झटक्यात तंतूंत का बदलत नाही? याचे उत्तर सोबतच्या प्रथिनांत आहे. थायमोसिन बीटा-४ सुटे रेणू धरून ठेवते. प्रोफिलिन त्यांना फक्त बार्ब्ड टोकाकडे पोहोचू देते आणि नवा तंतू आपोआप सुरू होऊ देत नाही. आणि कॅपिंग प्रथिन मोकळ्या बार्ब्ड टोकांवर टोपणासारखे बसते. म्हणजे पेशी भरलेला साठा दाबून ठेवते आणि जेथे, ज्या क्षणी हवे, तेथेच नवी टोके उघडते. हे उघडण्याचे काम मुख्यतः दोन प्रकारची प्रथिने करतात. आर्प २/३ हे सात प्रथिनांचे संकुल, जे १९९४ मध्ये अकॅन्थअमीबा या अमीबात सापडले, जुन्या तंतूच्या अंगावर सुमारे ७० अंशांच्या कोनात नवी फांदी फोडते. फॉर्मिन मात्र वाढत्या टोकाला चिकटून राहते आणि लांब, फांद्या नसलेले तंतू काढते. उलट बाजूने कोफिलिन जुने तंतू तोडते आणि रेणू परत साठ्यात आणते.

तोडणाऱ्या या शेवटच्या प्रथिनाकडे नवखे हमखास दुर्लक्ष करतात. शुद्ध अ‍ॅक्टिनचे ट्रेडमिलिंग वेगवान पेशीच्या सरकण्यापेक्षा शंभर पटींहून अधिक सावकाश चालते. लिस्टेरिया हा जिवाणू पेशीत शिरल्यावर आपल्यामागे अ‍ॅक्टिनचे तंतू वाढवून घेतो आणि त्यांच्या जोरावर धावतो; १९९९ मध्ये ही धाव केवळ शुद्ध प्रथिनांच्या द्रावणात पुन्हा घडवून आणली गेली, तेव्हा अ‍ॅक्टिनच्या जोडीला आर्प २/३, कोफिलिन आणि कॅपिंग प्रथिन ही तिन्ही आवश्यक ठरली. तोडणारा आणि टोपण घालणारा नसेल तर ढकलणारालाही वेग येत नाही. म्हणून पेशीच्या एखाद्या भागात अ‍ॅक्टिन किती आहे, यापेक्षा ते किती वेगाने बदलते आहे हा प्रश्न अधिक मोलाचा आहे, आणि या लेखातल्या प्रत्येक प्रयोगात तोच मनात धरावा.

दुसरी पायरी: चालण्याचे चार भाग वेगळे पाहायला शिकावे

१९७०च्या दशकात मायकेल अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी संयोजी ऊतींतल्या फायब्रोब्लास्ट पेशींच्या चालीचे जे वर्णन केले, ते आजही पहिला नकाशा म्हणून उत्तम आहे: पुढची कड बाहेर येते, ती पृष्ठभागाला चिकटते, पेशीचे अंग आकुंचन पावून पुढे ओढले जाते आणि मागची बाजू सुटते. प्रत्येक भागाला अ‍ॅक्टिनची निराळी रचना असते. पुढे लॅमेलिपोडियम हा पातळ पदर असतो. त्याची जाडी अवघी ०.१ ते ०.२ मायक्रोमीटर असते आणि त्यात आर्प २/३ ने विणलेले फांद्यांचे जाळे असते. त्याच्यापुढे फिलोपोडियम नावाची बोटे निघतात, ज्यांत समांतर तंतूंच्या जुड्या असतात. पेशीच्या पोटाखाली ताणतंतू म्हणजे स्ट्रेस फायबर असतात. त्यांत मायोसिन-२ असल्यामुळे ते आकुंचन पावतात. पटलाला आतून जो पातळ अस्तरासारखा थर असतो, त्याला कॉर्टेक्स म्हणतात.

जाळे पटलाला ढकलते म्हणजे नेमके काय होते, हे शब्दांत सांगताना घोटाळा होतो. पटल स्थिर भिंत नसते, ते उष्णतेमुळे सतत थरथरते, आणि तंतूंची टोकेही वाकत-डोलत असतात. टोक आणि पटल यांच्यात एका रेणूपुरती जागा झाली की रेणू तेथे बसतो आणि पटलाला मागे येऊ देत नाही. एका तंतूचा जोर काही पिकोन्यूटन एवढाच असतो. पण कडेच्या प्रत्येक मायक्रोमीटरला शेकडो टोके असू शकतात. आता हे जाळे पटलाला पुढे ढकलते तसे स्वतः मागेही सरकते. इंटेग्रिन, टॅलिन आणि विन्क्युलिन या प्रथिनांची साखळी त्याला पृष्ठभागाशी पकडते तेव्हाच ढकलण्याचे रूपांतर प्रगतीत होते. पकड नसेल तर पेशी जागच्या जागी धडपडते, आणि पकड फार घट्ट असेल तर मागची बाजू सुटत नाही. म्हणूनच चिकटपणा मध्यम असताना वेग सर्वाधिक दिसतो. काचेवर फायब्रोनेक्टिन हे पेशींना चिकटायला आधार देणारे प्रथिन किती लावले, यावर निकाल बदलतात ते यामुळेच, आणि त्याचे प्रमाण वहीत लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून असावी.

हे सगळे कोठे सुरू करायचे ते लहान संकेत-प्रथिने ठरवतात. १९९२ मध्ये अ‍ॅन रिडली आणि अ‍ॅलन हॉल यांनी दाखवले की रो हे प्रथिन चालू केले की ताणतंतू येतात आणि रॅक चालू केले की कडेचे पटल लहरते. पुढे १९९५ मध्ये सीडीसी४२ ने फिलोपोडियम उगवतात हे स्पष्ट झाले. ही तीन नावे आणि त्यांच्यापुढच्या तीन रचना पाठ असाव्यात, मात्र त्या काटेकोर कप्प्यांप्रमाणे मानू नयेत, कारण सरकत्या पेशीच्या पुढच्या कडेवर तिन्ही प्रथिने काही सेकंदांच्या आणि काही मायक्रोमीटरच्या अंतराने चालू-बंद होत असल्याचे दिसले आहे.

अ‍ॅक्टिनचे जाळे हा चालण्याचा एकमेव मार्गही नाही. अरुंद फटीत, जेथे चिकटायला फारसे काही नसते, तेथे अनेक पेशी मायोसिनच्या दाबाने पटलाचे फुगे काढून पुढे सरकतात. फुगा आधी निघतो आणि अ‍ॅक्टिन नंतर त्याच्या आत अस्तर धरते. गोलकृमींचे शुक्राणू तर अ‍ॅक्टिनशिवाय, दुसऱ्याच एका प्रथिनाचे तंतू वाढवून सरपटतात. मला हे उदाहरण नेहमीच विलक्षण वाटत आले आहे, कारण ढकलण्याचे तत्त्व एका प्रथिनाच्या मालकीचे नाही हे त्यातून उघड होते.

तिसरी पायरी: गिळण्याच्या वाटा आकारावरून ओळखाव्यात

आत घेण्याच्या वाटा अनेक आहेत. सुरुवातीला तीन पुरेत. साधारण ०.५ मायक्रोमीटरहून मोठा घन कण आत घेणे म्हणजे फॅगोसायटोसिस, ज्याला मराठीत भक्षण म्हणता येते. १८८२ मध्ये मेसिना येथे एली मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून त्याभोवती फिरत्या पेशी जमताना पाहिल्या, तेथून या अभ्यासाची सुरुवात झाली. दुसरी वाट मॅक्रोपिनोसायटोसिस: पटलाचे उंच पदर उठतात, एकमेकांवर कोसळून मिटतात आणि बाहेरच्या द्रवाचा मोठा घोट आत बंद होतो. तिसरी वाट क्लॅथ्रिन या प्रथिनाच्या जाळीने तयार होणाऱ्या, सुमारे १०० नॅनोमीटरच्या पुटिकांची, म्हणजे पटलाच्या चिमुकल्या पिशव्यांची.

पहिल्या दोन वाटा अ‍ॅक्टिनवाचून चालत नाहीत. तिसरीबाबत थोडे सांभाळून बोलावे लागते. यीस्टमध्ये आतला दाब एवढा असतो की पटल आत ओढण्यासाठी अ‍ॅक्टिन अनिवार्य ठरते, तर सस्तन प्राण्यांच्या पेशींत ते मुख्यतः पटलावर ताण असताना लागते. एकाच वाटेचे उत्तर पेशीच्या परिस्थितीवर अवलंबून असते, हे यावरून दिसते.

भक्षणाचा क्रम चालण्याशी ताडून पाहावा. कणावर आयजीजी प्रतिपिंड असेल, तर पेशीच्या पटलावरचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, त्याला पकडतात. ही झाली चिकटण्याची क्रिया. तेथे अ‍ॅक्टिनचे जाळे उगवते आणि पटल कणाच्या कडेने वर चढते. ही पुढे सरकण्याची क्रिया. १९७५ च्या सुमारास दिसून आले की कणाच्या अर्ध्याच भागावर प्रतिपिंड असेल, तर पटल त्या सीमेपर्यंत चढून थांबते, म्हणजे प्रत्येक पावलाला नवी पकड लागते. कपड्याच्या चेनचे (झिपचे) दाते एकेक करून अडकत जावेत तसे हे चालते. मोठ्या कणाभोवती पटल वर चढत असताना वाटीच्या तळातले अ‍ॅक्टिन विरघळून कडेकडे सरकते, आणि कण आत गेल्यावर काही मिनिटांत त्याच्याभोवतीचे उरलेले आवरणही झडते. तळ मोकळा झाला नाही तर मोठा कण अर्ध्यातच अडकतो. मोडणे हा येथेही प्रगतीचाच भाग असतो.

चौथी पायरी: पेशी निवडावी

निवड प्रश्नाला साजेशी असावी, आणि पहिल्या प्रयोगासाठी शक्य तितकी सोशिक पेशी घ्यावी. माझे मत विचाराल तर डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियम हा मातीतला अमीबा घ्यावा. तो सुमारे २२ अंश सेल्सिअसला, कार्बन डायऑक्साइडच्या इनक्युबेटरविना वाढतो, मिनिटाला साधारण १० मायक्रोमीटर सरकतो, जिवाणू खातो, आणि त्याचे प्रयोगशाळेतले वाण द्रवाचे घोटही घेतात. म्हणजे तिन्ही क्रिया एकाच डिशमध्ये पाहता येतात. सस्तन पेशीच हव्या असतील तर सरकण्यासाठी फायब्रोब्लास्ट आणि गिळण्यासाठी आरएडब्ल्यू २६४.७ ही उंदराच्या भक्षक पेशींची मालिका चालते. माशांच्या खवल्यांवरच्या केराटोसाइट पेशी मिनिटाला १० मायक्रोमीटरहून अधिक वेगाने, आपला आकार जवळजवळ न बदलता घसरतात; कडेचा अभ्यास करायला त्यांच्यासारखी पेशी नाही, पण त्या दर वेळी ताज्या काढाव्या लागतात.

पाचवी पायरी: रंगवण्याआधी जिवंत पेशी पाहाव्यात

हा सल्ला मी आग्रहाने देतो. पहिले दोन आठवडे कोणताही रंग न वापरता, फेज-कॉन्ट्रास्टमध्ये, ठराविक अंतराने छायाचित्रे घेऊन चित्रफिती बनवाव्यात. फायब्रोब्लास्टसाठी दर ५ ते १० मिनिटांना एक चित्र पुरते, अमीबासाठी १० ते ३० सेकंदांना एक लागते, आणि कडेची लहर पाहायची असेल तर दर २ ते ५ सेकंदांना. सस्तन पेशींसाठी तापमान ३७ अंशांवर स्थिर राहणे आवश्यक आहे. सूक्ष्मदर्शकाचे मंच गरम झाल्यावरही अर्धा-एक तास वाट पाहावी, नाहीतर फोकस सरकतो आणि पेशी सरकल्याचा भास होतो. माध्यमात हेपेस बफर घालावे किंवा कार्बन डायऑक्साइडची सोय करावी.

चित्रफीत पाहताना कडेवरची एक आडवी रेघ निवडून तिचा काळानुसार आलेख काढावा. याला कायमोग्राफ म्हणतात. त्यात कड किती वेळ पुढे गेली, किती वेळ थांबली आणि किती वेळा मागे आली, हे वेगवेगळे मोजता येते. दोन पेशींचा सरासरी वेग सारखा असूनही एक सावकाश पण सलग पुढे जाते आणि दुसरी झटक्याने पुढे-मागे करते, असे पुष्कळदा आढळते, आणि त्या दोहोंतला अ‍ॅक्टिनचा बिघाड एक नसतो.

जिवंत पेशीत अ‍ॅक्टिन दाखवायचे असेल, तर लाइफअ‍ॅक्ट हा १७ अमिनो आम्लांचा, यीस्टच्या प्रथिनातून घेतलेला छोटा तुकडा फ्लुओरेसंट प्रथिनाला जोडून वापरतात. तो सोयीचा आहे, पण निरुपद्रवी नाही: कोफिलिनने व्यापलेल्या तंतूंना तो नीट धरत नाही आणि त्याचे प्रमाण जास्त झाल्यास पेशीची चाल बदलते. म्हणून सर्वांत झगमगीत पेशी टाळून मंद दिसणाऱ्या पेशी निवडाव्यात, आणि त्यांचा वेग रंग नसलेल्या पेशींशी ताडून पाहावा.

सहावी पायरी: पेशी स्थिर करून फॅलोइडिनने रंगवाव्यात

फॅलोइडिन हे अमानिटा फॅलोइडेस या विषारी अळंबीतले द्रव्य केवळ तंतूंना चिकटते, सुट्या रेणूंना नाही. प्रयोगात लागणारी मात्रा अल्प असली तरी हातमोजे घालावेत. क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

क्रमांक १.५ च्या, म्हणजे ०.१७ मिलिमीटर जाडीच्या कव्हरस्लिपवर पेशी विरळ पेराव्यात आणि पसरायला पुरेसा वेळ द्यावा. चार टक्के फॉर्मॅल्डिहाइडचे द्रावण ताजे किंवा गोठवलेल्या साठ्यातून तयार करून पेशींच्याच तापमानाला आणावे, माध्यम काढून लगेच ते हलक्या हाताने कडेने सोडावे आणि १० ते १५ मिनिटे ठेवावे. बफरने तीनदा धुवावे. ०.१ टक्का ट्रायटन एक्स-१०० ने ५ मिनिटे पटलाला छिद्रे पाडावीत, पुन्हा धुवावे, आणि रंग जोडलेले फॅलोइडिन २० ते ३० मिनिटे अंधारात लावावे. केंद्रकासाठी डॅपी हा रंग वापरता येईल. शेवटी धुऊन स्लाइडवर बसवावे.

यात दोन चुका फार होतात. पहिली म्हणजे मिथेनॉलने स्थिर करणे. प्रतिपिंडांच्या कित्येक पद्धतींत ते चालते, पण फॅलोइडिनला ज्या आकारातला तंतू लागतो तो मिथेनॉलने बिघडतो आणि चित्र काळे येते. दुसरी म्हणजे फ्रीजमधून काढलेले थंड द्रावण थेट ओतणे. माझ्या पहिल्याच संचात मी हे केले होते, आणि सर्व पेशींच्या कडा आत ओढलेल्या पाहून औषधाचा परिणाम मिळाला असे समजून दोन दिवस आनंदात होतो; औषध न दिलेल्या पेशीही तशाच होत्या हे नंतर लक्षात आले. नियंत्रण संच सर्वांत आधी पाहावा, ही सवय मला तेथून लागली.

सर्व संचांचे छायाचित्रण एकाच प्रकाशात आणि एकाच एक्सपोजरने करावे. ताणतंतू चमकदार आणि लॅमेलिपोडियम मंद दिसते. म्हणून फक्त ताणतंतू सुंदर दिसतील असे एक्सपोजर ठेवले, तर चालण्याचा खरा कर्ता चित्रातून गळून पडतो.

सातवी पायरी: चालणे मोजावे

ओरखडा-चाचणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त गैरसमज करणारी आहे. पेशींच्या भरगच्च थरावर पिपेटच्या टोकाने रेघ मारतात आणि फट किती तासांत भरते ते पाहतात. फट विभाजनानेही भरते. म्हणून माध्यमातील सीरम कमी करावे किंवा मायटोमायसिन-सी ने विभाजन थांबवावे. शिवाय ओरखड्याने काचेवरचे लेपनही खरवडले जाते. ही चाचणी पहिली झलक म्हणून करावी, निष्कर्ष तिच्यावर टांगू नये.

विरळ पेरलेल्या एकेका पेशीचा माग काढणे अधिक विश्वसनीय आहे. प्रत्येक पेशीसाठी एकूण चाललेले अंतर, सुरुवात ते शेवट सरळ अंतर आणि त्यांचे गुणोत्तर काढावे. हे गुणोत्तर चित्रफितीच्या लांबीवर अवलंबून असल्याने वेगवेगळ्या लांबीच्या फितींची तुलना करू नये. एखाद्या रसायनाकडे पेशी जातात का, हे पाहायला स्टीफन बॉयडन यांनी १९६२ मध्ये मांडलेली छिद्रयुक्त पडद्याची पेटी वापरतात. पांढऱ्या पेशींसाठी ३ ते ५ आणि फायब्रोब्लास्ट किंवा कर्करोग पेशींसाठी ८ मायक्रोमीटरची छिद्रे घेतात. तेच रसायन पडद्याच्या दोन्ही बाजूंना घालून एक नियंत्रण ठेवावे. तेव्हाही तितक्याच पेशी पलीकडे गेल्या, तर रसायनाने दिशा दिली नाही, नुसती चाल वाढवली, असा अर्थ होतो.

आठवी पायरी: गिळणे मोजावे, आणि चिकटणे वेगळे मोजावे

येथे बहुतेकांचा पाय घसरतो. पेशीवर मणी दिसला म्हणजे तो आत आहे असे नाही. तीन मायक्रोमीटरचे पॉलिस्टायरीनचे मणी घेऊन त्यांवर आयजीजी बसवावे, जादाचे धुऊन टाकावे, आणि प्रत्येक पेशीमागे ५ ते १० मणी येतील असे प्रमाण ठेवावे. पेशी बर्फावर थंड करून मणी घालावेत. थंडीत मणी चिकटतात पण आत जात नाहीत. सुटे मणी धुऊन ३७ अंशांचे माध्यम घातले की सर्व पेशी जवळजवळ एकाच वेळी गिळायला लागतात. २, ५, १० आणि ३० मिनिटांना एकेक कव्हरस्लिप स्थिर करावी.

आता पटलाला छिद्रे पाडण्याआधी आयजीजीला ओळखणारे लाल प्रतिपिंड लावावे. बाहेर असलेले मणी लाल होतात, आत गेलेले होत नाहीत, आणि अर्धे गिळलेले मणी अर्धेच लाल दिसतात. त्यानंतर छिद्रे पाडून हिरवे फॅलोइडिन लावावे. दोन मिनिटांच्या कव्हरस्लिपवर अर्ध्या लाल मण्यांभोवती हिरव्या वाट्या आणि तीस मिनिटांच्या कव्हरस्लिपवर हिरवे काहीही नसलेले, पूर्ण आत गेलेले मणी दिसले, तर प्रयोग साधला असे समजावे. दर शंभर पेशींमागे चिकटलेले मणी आणि आत गेलेले मणी यांच्या दोन स्वतंत्र संख्या नोंदवाव्यात. एखाद्या औषधाने चिकटणेच कमी केले असेल, तर आत जाणारे मणी कमी होणारच. त्याचा दोष अ‍ॅक्टिनवर टाकणे अयोग्य आहे.

द्रवाचे घोट मोजण्यासाठी ७० किलोडाल्टनचे फ्लुओरेसंट डेक्स्ट्रान वापरतात, कारण तो आकार लहान पुटिकांतून फारसा जात नाही. ते स्थिर होऊ शकेल असे, लायसिन जोडलेले घ्यावे, नाहीतर छिद्रे पाडताच ते वाहून जाते. ईआयपीए हे औषध मॅक्रोपिनोसायटोसिस थांबवते म्हणून सर्रास दिले जाते, पण ते सोडियम-प्रोटॉन अदलाबदल रोखून पटलालगतची आम्लता वाढवते आणि त्यातून रॅकचा संदेश मंदावतो. अ‍ॅक्टिनवर त्याचा थेट परिणाम नसतो, हे लिहिताना विसरू नये.

नववी पायरी: औषधांनी यंत्र थांबवून पाहावे

लॅट्रुन्क्युलिन सुट्या रेणूंना धरून ठेवते, त्यामुळे तंतू हळूहळू संपतात. सायटोकॅलसिन-डी बार्ब्ड टोकांवर बसून वाढ रोखते. जॅस्प्लाकिनोलाइड उलट तंतूंना घट्ट करते, मोडू देत नाही, आणि तरीही पेशी थांबते. बदलाचा वेग महत्त्वाचा असतो हे एवढ्या एका निरीक्षणाने नवख्याला पटते. मात्र जॅस्प्लाकिनोलाइड आणि फॅलोइडिन तंतूवर एकाच जागेसाठी झगडतात, म्हणून त्यानंतर फॅलोइडिन कमी दिसले तर तंतू कमी झाले असा निष्कर्ष काढू नये. सीके-६६६ आर्प २/३ ला रोखते, वाय-२७६३२ रो-किनेजला, म्हणजे रोचा संदेश पुढे नेणाऱ्या विकराला, आणि ब्लेबिस्टॅटिन मायोसिन-२ ला. ब्लेबिस्टॅटिन निळ्या प्रकाशात बिघडते आणि पेशीला घातक ठरते. हिरव्या फ्लुओरेसंट प्रथिनाबरोबर जिवंत चित्रण करायचे असल्यास त्याचा प्रकाश सोसणारा प्रकार घ्यावा. फॉर्मिन रोखण्यासाठी विकले जाणारे एसएमआयएफएच२ मायोसिनलाही रोखते, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबून राहू नये.

लॅट्रुन्क्युलिन आणि सायटोकॅलसिन-डी साठी ०.१ ते १ मायक्रोमोलरच्या टापूत चार-पाच मात्रा आधी पाहाव्यात, ज्या डीएमएसओत औषध विरघळवले तेवढाच डीएमएसओ नियंत्रण संचाला द्यावा, आणि शेवटी औषध धुऊन पेशी पूर्ववत चालू लागतात का ते पाहावे. धुतल्यावर परत न आलेली पेशी मेलेली असू शकते, आणि मेलेली पेशी अ‍ॅक्टिनविषयी काही सांगत नाही. औषधाने मिळालेले उत्तर जनुक शांत करून ताडून पाहावे. २०१२ मध्ये आर्प २/३ काढून टाकलेल्या फायब्रोब्लास्ट पेशींचा पदर नाहीसा झाला, पण त्या काटेरी बोटे काढून सरकत राहिल्या. औषधाने काही मिनिटांत आणि जनुकाने काही दिवसांत घडणारे बदल एकसारखे असतीलच असे नाही.

मोजणी करताना कोणती स्लाइड कोणत्या संचाची हे मोजणाऱ्याला कळू देऊ नये. एका डिशमधल्या दोनशे पेशी म्हणजे दोनशे प्रयोग नव्हेत. निरनिराळ्या दिवशी केलेले किमान तीन प्रयोग ही खरी संख्या धरावी.

दहावी पायरी: दोन्ही क्रिया एकाच काचेवर पाहाव्यात

आतापर्यंतचे सर्व जमले, की एक प्रयोग जरूर करावा. कव्हरस्लिपवरच आयजीजीचा लेप द्यावा आणि शेजारच्या कव्हरस्लिपवर केवळ साध्या प्रथिनाचा. दोहोंवर भक्षक पेशी सोडाव्यात. लेप असलेल्या काचेवर पेशीला काच गिळायची असते, पण एवढी मोठी वस्तू तिच्यात मावणार नाही. ती सर्व बाजूंनी पसरत जाते, कडेला अ‍ॅक्टिनचा गोल पट्टा पुढे सरकतो आणि मधला भाग मोकळा होतो. याला अडलेले भक्षण म्हणतात. वाटीला जणू कात्री लावून सपाट उलगडले आहे, आणि वाटीची कड व तळ एकाच फोकसमध्ये दिसतात, अशी सोय दुसऱ्या कोणत्या प्रयोगात क्वचितच मिळते.

ही पसरण दर पाच सेकंदांना चित्र घेऊन दहा ते वीस मिनिटे टिपावी, कडेचा कायमोग्राफ काढावा, आणि पाचव्या पायरीत साठवलेल्या सरकत्या पेशीच्या कायमोग्राफशेजारी ठेवावा. मग दोन्ही संचांना आधी सीके-६६६ आणि नंतर ब्लेबिस्टॅटिन देऊन पाहावे, आणि कोणत्या औषधाने कोणत्या कडेचा वेग किती घटला याचा एकच तक्ता करावा. त्या तक्त्यात जेथे दोन रकाने जुळत नाहीत, तेथून आपला पुढचा प्रश्न निवडावा.